दोन लाल पदर

गेल्या आठवड्यात धूप दाखवताना निखाऱ्याची ठिणगी उडाली आणि कानबाईच्या रुमालावर पडली. रुमाल म्हणजे श्रावणात ही देवी घरी बसवताना चौरंगावर अंथरायचं मॅटीचं कापड. चार कोपऱ्यांत क्रॉस स्टिचची चार कमळं... आईने लग्नाआधी भरून रुखवतात आणलेली.

कापड वाचलं, पण एका कमळाचे टाके जळले. ठिणगी बायकोच्या हातून उडाली होती. आई ओट्यावर वाती वळत बसलेली, तिची नजर आता अधू आहे. "आईले सांगानं नही बरं," बायको हळूच म्हणाली. त्या रुमालाला आई दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाही... आणि कानबाई चार दिवसांवर.

जळालेले टाके उसवून कमळ पुन्हा भरायचं ठरलं. टाके बायकोचे, रंग जुळवणं माझ्याकडे. लोणखेड्याहून शहाद्याला जाऊन लाल दोऱ्याच्या लच्छ्या आणल्या आणि समोरच्या कोपऱ्यातल्या कमळाशेजारी ठेवून पाहिल्या. एक भडक, एक विटकरी... एकही जुळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर दुकानदार म्हणतो, "नाना, लच्छी लेवाले उनात का भिंतले रंग देवाले?"

मग पदर सोडवत बसलो. दोऱ्याला सहा पदर असतात, टाक्याला दोनच लागतात. सुईत एक पदर भडक आणि एक विटकरी ओवला. जवळून दोन रंग दिसतात, हातभर लांबून तिसराच.

ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी दारातल्या उन्हात उघडा पडला. विटकरीच्या जागी डाळिंबी पदर घेतला... आणि जुळला. बायकोने कमळ भरून काढलं. नवं कुठलं, ते मलाही ओळखू येईना.

कानबाई बसवायच्या दिवशी आईने रुमाल मांडीवर घेतला, उलटा केला आणि त्यावरून बोटं फिरवली. एका जागी बोट थांबलं.

"हाई गाठ कोनी मारी वं?"

क्रॉस स्टिचमध्ये गाठ मारत नाहीत. दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांखाली दडवतात. बायकोला हे पक्कं माहीत आहे, तरी गाठ पडली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मी मारी, आई. मन्हा हातथून जळनं."

 आईने समोरचा कोपरा बायकोपुढे धरला. "आठे बोट लाव."

तिथेही गाठ होती.

"मन्ही पहिली कानबाई व्हती. मन्हा हातथून बी जळनं. मायेरनी लच्छी सरेल, मंग दोन लाल एक करात. मन्ही सासूले शेवटलोंग समजनं नही." त्या गाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "जीव घाबरेल ऱ्हास ना, तव्हयच बाई गाठ मारस."

मी नमुना म्हणून धरलेलं कमळ तेच होतं. तो लाल एका लच्छीत सापडणार कसा...

बायकोने विचारलं, गाठ काढू का?

"ऱ्हाऊ दे. कानबाईले उलटी बाजू बी ठाऊक शे."

चौरंगावर रुमाल अंथरला, त्यावर कानबाईचा नारळ ठेवला. मी हात जोडले... या वर्षी मागायचं काही सुचलं नाही.