आप्पांची मिशी आणि आठ रसदेचा वेताळ

झेरॉक्सच्या दुकानात वाया गेलेले कागद मी फेकत नाही. एका बाजूला कुणाचा तरी वाकडा आलेला सातबारा असतो, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी आमच्या टोळक्याचे किस्से टिपून ठेवते. आता ड्रॉवर बंद होईना झालाय. नवरा म्हणतो, "रद्दीत घाल." मी म्हणते, "आधी तुला घालीन!"

टोळकं म्हणजे माणसं चारच. मी सुनंदा, दुकान माधवनगरात. शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारा सलीम. कवठे महांकाळचा दिग्या, जो द्राक्षाची औषधं न्यायला सांगलीला येतो आणि औषधं सोडून आमच्याकडंच बसतो. आणि सुभेदार आप्पा, मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर होऊन लेकीजवळ राहायला आलेले.

चौघांना रोग एकच. 'गडझुंज' नावाचा मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ. तीस कार्डांचा आपापला डेक बांधायचा. पहिल्या फेरीला एक रसद मिळते, दुसरीला दोन, अशी वाढत जाते. त्या रसदेवर शिपाई उतरवायचे आणि समोरच्याचा गड पाडायचा. बास, एवढंच! पण एवढ्यावरून सलीम आणि दिग्या आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

*

आप्पा पहिल्यांदा आले ते हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला. सलीम माझ्या काउंटरवर कोपर टेकून खेळत होता. आप्पांनी मान लांब करून बघितलं.

"पत्ते? भर बाजारात?"

"आवं आप्पा, मोबाइलवरला खेळ हाय. पैसे लागत न्हाईत."

"जिंकल्यावर काय मिळतं?"

"काय न्हाई. नंबर वर सरकतो."

"म्हंजे नुसतं प्रमोशन, पगारवाढ न्हाई! मग हे मला येतंय," आप्पा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. हयातीचा दाखला तीन दिवस माझ्याच काउंटरवर पडून होता. शेवटी आप्पांच्या घरच्या काकू येऊन घेऊन गेल्या.

*

डेकवरून माणूस कळतो, हे माझं ठाम मत आहे. माझ्या डेकमध्ये तीसपैकी वीस तटबंदी. मी काही करतच नाही, समोरचा कंटाळून चुका करतो. नवऱ्याला हे दाखवलं तर म्हणाला, "हे मला घरी रोज बघायला मिळतंय." सलीम व्हिडिओ बघून जसाच्या तसा डेक उचलतो. दिग्या बागेवरची फवारणी बदलावी तसा रोज डेक बदलतो आणि रोग काही जात नाही.

आप्पांचा डेक मात्र पहिल्या दिवसापासून एकच. पायदळ, पायदळ आणि पायदळ. एका रसदेचे किरकोळ शिपाई. त्यांच्यात एक हलगीवाला. तो वाजवायला लागला की प्रत्येक शिपायाची ताकद दोननं वाढते. शिपाई मेला की आप्पा स्क्रीनकडं बघून म्हणतात, "शाबास." प्रत्येकाला वेगळं. पाच मेले तर पाच वेळा. आपण मागं खोळंबलोय याचं त्यांना काही नाही.

या डेकचा वैरी एकच, वेताळ. आठ रसदेचं लाल कार्ड. एकदा उतरलं की समोरचे सगळे शिपाई साफ! सलीमनं आप्पांना लय समजावलं, "आप्पा, तुमी बी एक वेताळ ठेवा की."

"वेताळ फौजेत कवा भरती झाला रं?"

"मग साताऱ्याच्या टूर्नामेंटात पहिल्याच फेरीत घरी याल!"

आप्पा उठून उभे राहिले. "फायनलला न्हाई पोचलो तर ही मिशी उतरवीन."

दुकानात सातबाऱ्याला आलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. कारण ती मिशी साधी नव्हे. भरती झाल्यापासून ठेवलेली, रोज सकाळी तेल लावून पीळ दिलेली. आप्पा कोपऱ्यावर वळायच्या आधी मिशी वळते.

*

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या. झेरॉक्सला काही नव्हतं, नुसत्याच आल्या.

"ताई, ह्यास्नी जरा समजावा. चाळीस वर्सं झाली लग्नाला, त्या मिशीखाली काय हाय ते मी बगितल्यालं न्हाई. आता ह्या वयात काय निघंल, काय नेम?"

*

दिग्याचा किस्सा तर मी दोनदा लिहून ठेवलाय, कागद हरवायला नको म्हणून.

त्या आठवड्यात त्यानं वेताळाचा डेक बांधला होता. सलीमशी डाव ऐन रंगात आला आणि आभाळ भरून आलं. शेडमध्ये बेदाणा वाळत घातलेला. दिग्यानं मोबाइल आईच्या हातात कोंबला, "आये, लाल कार्ड दिसलं की दाब!" आणि ताडपत्र्या घेऊन पळाला.

परत येऊन बघतो तर आई जिंकलेली! इकडं माधवनगरात सलीम डोक्याला हात लावून बसलेला.

आई मोबाइल परत देताना म्हणाली, "एवढ्याशा कामाला तुला दिवसभर लागतो व्हय रं?"

मी तर म्हणते, यातच सगळं आलं. ज्या कार्डानं चष्मा न घातलेली म्हातारी पहिल्याच डावाला जिंकते, ते कार्ड खेळात ठेवणाऱ्या माणसाला आधी बेदाण्याच्या शेडवर कामाला लावलं पाहिजे. कंपनी दर बुधवारी कार्डांची ताकद खालवर करते. ताकद वाढली की आम्ही म्हणतो 'खुराक मिळाला', कमी झाली की 'कात्री लागली'. दर बुधवारी कुणाला तरी कात्री लागायची, पण वेताळाला कधीच नाही. तो आपला जावयासारखा बसलेला!

*

शेवटी मी म्हटलं, आपण अर्ज करू. दिवसभर लोकांचे अर्जच टाइप करते, दुसरं काय येतंय मला?

"प्रति, माननीय व्यवस्थापकसाहेब. विषय : 'वेताळ' या कार्डाची ताकद कमी करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की..." असा दीड पानी अर्ज. खाली सह्या. दुकानात येईल त्याची सही घेतली. एका आजींनी अंगठा उठवला आणि हळूच विचारलं, "कुठल्या पिंपळावर हाय म्हंता?"

पुरावा म्हणून आप्पांनी वेताळाकडून हरलेल्या डावांचे स्क्रीनशॉट दिले. डाव संपला की दोघांच्या हातात उरलेली कार्डं उघडी होऊन दोघांनाही दिसतात. हरलेल्याचा जीव आणखी जाळायची कंपनीनं केलेली सोय! आप्पा त्याचा न चुकता फोटो घेऊन ठेवतात. मी हरलेले डाव जोडले, तर आप्पांनी जिंकलेले पण पुढं केले.

"आप्पा, जिंकलेले कशाला?"

"नुसतं सोयीचं दावायचं? रिपोर्ट पुरा पायजे."

"आपल्या विरोधात जाईल की हो!"

"जाऊ दे. पुरा म्हंजे पुरा."

मी जोडले. पाठवला ईमेल. कंपनीचं उत्तर लगेच आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' आप्पांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे म्हंजे 'उद्या या' झालं."

तिसऱ्या बुधवारी अपडेट आलं. आम्ही चौघं एका मोबाइलवर वाकलो. वेताळ : बदल नाही. हलगीवाला : ताकदवाढ दोनऐवजी एक.

आप्पांच्या जिंकलेल्या प्रत्येक फोटोत हलगीवाला होता. आता त्यावरूनच कात्री लागली की कंपनीचं आधीच ठरलेलं होतं, देव जाणे. पण पाठवायचं बटण मी दाबलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, खरं सांगते. टूर्नामेंट अकरा दिवसांवर!

सलीम म्हणाला, "आप्पा, आता तरी डेक बदला."

"हलगी फुटली म्हणून पलटण माघारी फिरत न्हाई," आप्पा म्हणाले. पण त्या दिवशी मिशीला पीळ देताना त्यांचा हात मधेच थांबला. मी बघितला.

*

साताऱ्याला आम्ही एसटीनं गेलो. एसटी स्टँडजवळच्या मंगल कार्यालयात टूर्नामेंट. दारात आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान तशीच, आत कॉलेजची पोरं मान खाली घालून बसलेली. आप्पा कडक इस्त्रीच्या शर्टात.

पहिला डाव जिंकले. दुसराही जिंकले! पोरं वेताळ हातात धरून आठव्या फेरीची वाट बघायची, आणि आप्पांचं पायदळ सातव्यालाच गडात. दिग्या पहिल्याच फेरीत गेला. मी दुसरीत गेले. समोरचा कंटाळला नाही, मीच कंटाळले. तिसऱ्यात तर आप्पांनी गड पाडल्यावर समोरच्या पोरानं उठून त्यांना वाकून नमस्कार केला.

आणि सेमीफायनलला समोर कोण? सलीम!

मी सलीमच्या मागं उभी होते. आठवी फेरी आली. आप्पांचं पायदळ पटावर, सलीमचा गड पडायला आलेला. सलीमच्या हातात वेताळ. रसद आठ. नुसतं बोट टेकवायचं होतं. सलीमचं बोट वेताळावर गेलं. त्यानं मान वर करून आप्पांकडं बघितलं. म्हणजे मिशीकडंच बघितलं. मग बोट बाजूला नेऊन 'फेरी संपली' दाबलं.

आप्पा फायनलला! दिग्यानं शिट्टी मारली. आप्पांचा चष्मा कपाळावर होता, पण सवयीनं त्यांनी स्क्रीनचा फोटो घेतला आणि सलीमशी हात मिळवला.

फायनलला एका कऱ्हाडच्या पोरीनं त्यांना दहा मिनिटांत गुंडाळलं. आम्हाला त्याचं काय! मिशी वाचली होती. सलीमनं कंदी पेढे घेतले. परतीच्या गाडीत आम्ही इतका दंगा केला की कंडक्टरनं दोनदा दटावलं. आप्पा खिडकीशी बसून मोबाइल बघत होते. आता चष्मा डोळ्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तर आप्पा दारातच. तोंडावर रुमाल. मागं काकू. मला वाटलं, प्रवासात सर्दी झाली. त्यांनी हातानं लिहिलेला कागद पुढं केला.

"प्रति, माननीय स्पर्धाप्रमुख. विषय : सेमीफायनलचा निकाल दुरुस्त करणेबाबत. सोबत : स्क्रीनशॉट, एक प्रत."

"टाइप करा, ताई."

एवढ्यात सलीम पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आप्पांनी रुमाल काढला.

पुडा सलीमच्या हातातून काउंटरवर पडला. ओठावरची कातडी गोरी, लहान मुलासारखी. काकू पदराआडून माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "तसं बरं निघालं, बगा."

"आप्पा, मी..." सलीम म्हणाला.

"बस." आप्पांनी खुर्ची ओढली. "मांड डाव. आन् ह्या टायमाला वेताळ हातात आला तर काढायचा."

सलीम बसला. एकही पेढा कुणी खाल्ला नाही. आठव्या फेरीला वेताळ सलीमच्या हातात होता. त्यानं आप्पांकडं बघितलं नाही, बोट टेकवलं. पायदळ साफ झालं.

आप्पा एकेकाला शाबास म्हणत गेले. पटावर शिपाई पाच होते. शाबास मी सहा मोजली.