ग्रिंगाचं अस्तर

फोर्तुनाताला त्या गाडीची शिसारी होती. नुसता कंटाळा असता तर एक वेळ चाललं असतं, माणूस जांभई देऊन मोकळा होतो. हिला गाडीचं दार उघडण्याआधी श्वास रोखून धरावा लागायचा. आत डिझेलचा वास, त्यावर मागच्या बाकांवर बसून गेलेल्या परदेशी पाहुण्यांच्या मोज्यांचा वास, आणि नवऱ्याच्या बाजूच्या दारावर आतून चिकटून वाळलेला, चघळून थुंकलेल्या कोकाच्या पानांचा हिरवा चोथा. तो खिडकीतून बाहेर थुंकायचा, पण खिडकी अर्धीच उघडायची, त्यामुळे निम्मं आतच राहायचं. सुरुवातीला ती सुरीने खरवडून काढायची. पुढे तेही सोडून दिलं.

गाडी जुनी जपानी, चौकोनी पत्र्याचा डबा. रंग पांढरा, म्हणून नवऱ्याने, गुमेर्सिंदोने, तिचं नाव ठेवलं होतं ग्रिंगा, म्हणजे गोरी मडम. उयुनी गावातल्या कुठल्याही ड्रायव्हरची गाडी त्याची कोणी ना कोणी लागतेच. पण बायको शेजारी बसलेली असताना मडमेच्या डॅशबोर्डवरून मायेने हात फिरवणारा नवरा आपल्याच नशिबी आला, असं फोर्तुनाताचं पक्कं मत होतं. सवतच ती. आणि सवत तरी घरी जेवण करू लागते.

काम दोघांचं होतं. पाहुण्यांना घेऊन मिठाच्या मैदानावर जायचं, तिथून दक्षिणेला तळ्यांकडे, उकळत्या चिखलाच्या झऱ्यांपर्यंत, आणि परत. तो चालवणार, ती रांधणार. लामा या तिकडच्या लोकरी जनावराचं मटण, किनुआच्या दाण्यांचं सूप, आणि मटण न खाणाऱ्यांसाठी वेगळी अंडी, ती तळताना झऱ्यांचा सडका वास हवेत इतका भरलेला असायचा की ताजं अंडंसुद्धा नासलेलं वाटावं. हे तिने वर्षानुवर्षं नाक दाबून केलं. कानांचं मात्र काही करता येईना. इंजिन पुढे नसून आपल्या मांडीवर ठेवलंय असं तिला वाटायचं. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर कधीच फाटलेलं, पायाखाली उघडा पत्रा, दारं फटफटायची, आणि खडीचा रस्ता लागला की टपापासून तळापर्यंत एकेक खिळा वेगळा बोंबलायचा. त्यात काय बोलणार? उजवीकडून, म्हणजे तिच्या बाजूने, काही आलं की ती जीव तोडून ओरडायची, "दगड!" किंवा "खड्डा!" किंवा "लामा!" तो ठोंब्यासारखा समोर बघत स्टिअरिंग वळवायचा. ना 'हो', ना 'ठीक'. दिवसाचं संभाषण तेवढंच.

बरं, घरी आल्यावर तरी? घरी तो सूप ओरपायचा आणि "आं?" म्हणायचा. दोनदा सांगितलं की "हं" म्हणायचा. हाच माणूस लग्नाआधी इतका बडबडा होता की तिच्या आईने विचारलं होतं, हा जेवतो तरी कधी? आता मुलगी योव्हाना सीमेपलीकडे कालामा शहरात निघून गेली, फोर्तुनाताचे गुडघे दुखायला लागले, पुढे काय करायचं हा प्रश्न रोज उशाशी येऊन बसायला लागला, आणि बोलायला घरात माणूस नाही. गाडीने नवरा खाल्ला होता. मरायच्या आत त्याच्याशी एकदा नीट बोलायचं, एवढीच तिची इच्छा उरली होती. त्यासाठी आधी तो गोंगाट मारायला हवा होता.

"आतून अस्तर लावून घेऊ," ती त्याच्या कानाशी ओरडली.

"काय गरज? आवाज म्हणजे तिचं बोलणं. तिच्या तोंडात बोळा कोंबू?"

"माझ्या कोंबलायस की इतकी वर्षं!"

"आं?"

मग तिने कार्निव्हलचा मंगळवार धरला. त्या दिवशी गावात घरं, दुकानं, गाड्या सगळ्यांची चाल्ला, म्हणजे पूजा, होते. रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, चाकांवर बिअर ओतायची, कोकाची पानं टाकायची, धरणीमाईला पाजायचं आणि आपणही प्यायचं. त्या दिवशी गाडीला चारचौघांत जे दिलं ते दिलं. पुढच्या कार्निव्हलपर्यंत ते काढून फेकलं तर पाचामामा, म्हणजे धरणीमाई, रुसते. रुसलेल्या धरणीवर गाडी हाकायची छाती उयुनीतल्या एकाही ड्रायव्हरची नाही. आणि गुमेर्सिंदो तर पत्र्यावर पाल चुकचुकली तरी टोपी काढणारा.

तो रविवारपासून पिऊन पडला होता. तेवढ्यात तिने गाडी आपल्या धाकट्या भावाच्या, विल्बेरच्या गॅरेजमध्ये नेली. सोबत बहिणीकडून आणलेला लामाची लोकर दाबून केलेला घोंगडीसारखा जाड नमदा.

विल्बेर हसायलाच लागला. "ताई, ही लोकर आधी अंगावर घे. थंडी तरी जाईल. आवाज लोकरीने थांबत नसतो, भोकं बुजवल्याने थांबतो. मुठीएवढं भोक राहिलं की सगळी बँड पार्टी आत."

"मग बुजव की. तोंड काय वाजवतोस?"

त्याने सगळ्या खुर्च्या काढल्या. खालून काय निघालं ते विचारू नये. मीठ, केस, सडलेलं केळं, कोणा मडमेचा कंगवा, आणि मागच्या कितीतरी चाल्लांची बिअर झिरपून झालेला काळा चिकट लगदा. फोर्तुनाताने तो हाताने काढला आणि मागच्या अंगणात जाऊन ओकून आली. मग विल्बेरने गिअरला नवं रबर बसवलं, पेडलांच्या भोवतीची भोकं बुजवली, इंजिन आणि पाय यांच्या मधल्या पत्र्याला आतून डांबरी पट्ट्या थापल्या, दारांची रबरं बदलली. नमदा त्याने सगळ्यात शेवटी घातला, आणि तोही न चिकटवता, बटणांनी अडकवून.

"मिठाचं पाणी पिऊन बसला ना, तर वर्षात खालचा पत्रा खाऊन टाकेल," तो म्हणाला. "दर फेरीनंतर काढायचा, धुवायचा, वाळवायचा. हे काम दाजी करणार नाहीत. तुलाच करावं लागेल."

"दुसरं कोण करतं?"

मंगळवारी शेजाऱ्यांदेखत तिने नमद्यावर बिअर शिंपडली, कोकाची तीन पानं ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ग्रिंगाला माझ्याकडून!" गुमेर्सिंदो लाल डोळ्यांनी बघत राहिला. टाळ्या पडल्या. त्याचं तोंड अळणी सूप प्यायल्यासारखं झालं, पण बोलायची सोय उरली नव्हती.

पहिल्या फेरीला मिठाच्या मैदानावर पावसाचं घोट्याइतकं पाणी होतं. मागे सहा पाहुणे, सगळे डुलक्या काढणारे. पाण्यात गाडी पायी चालावी तशी न्यावी लागते. इंजिन दूरच्या खोलीत कोणीतरी घोरावं तसं ऐकू येत होतं. फोर्तुनाता नवऱ्याकडे थोडी सरकली. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिने रात्रीपासून जुळवलं होतं.

"म्हाताऱ्या," ती हळूच म्हणाली, "योव्हानाची आठवण येते का रे तुला?"

त्याने मान वळवली नाही. कानच गेले होते त्याचे. सगळी खटपट पाण्यात गेली होती, आणि तिला त्या नमद्याचा, त्या मिठाचा, स्वतःच्या भाबडेपणाचा एकदम वीट आला.

तेवढ्यात तिला गुणगुण ऐकू आली. आधी वाटलं, विल्बेरने एखादं भोक सोडलं. ती वाकली. आवाज नवऱ्याच्या तोंडातून येत होता.

"...आज पुन्हा तोंड सुजवून बसलीय बघ, ग्रिंगे. काल बटाटे करपवले. पण बोलायची सोय आहे का? नमदा घातलाय तुला, मेंढरू करून टाकलंय."

फोर्तुनाताच्या अंगाचा तिळपापड झाला. तो बोलत होता! तिच्याशी नाही, पत्र्याशी. आणि थांबत नव्हता. गोंगाटाखाली वर्षानुवर्षं हेच चाललं असणार. स्वतःला काही ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्यालाही येणार नाही, अशा खात्रीने तो त्या लोखंडी बाईपुढे मन मोकळं करत होता. आपल्या गुडघ्याचं सांगितलं. भावाने बळकावलेल्या शेताच्या तुकड्याचं सांगितलं. "पोरगी गेली तेव्हा बसस्टँडवरून येऊन तुझ्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो, तुला ठाऊक आहे," म्हणाला. त्या दिवशी फोर्तुनाता स्वयंपाकघरात एकटीच रडली होती. तिला वाटलं होतं, याला दगडाचं काळीज आहे. पत्र्याशी चाललेल्या या गुजगोष्टींची तिला जी किळस आली ती खुर्चीखालच्या लगद्याचीसुद्धा आली नव्हती. ती ओठ घट्ट मिटून ऐकत राहिली.

"उजवा डोळा आता पुरता गेला गं," तो पुढे म्हणाला. "काल दिव्यासमोर धरून पाहिला. नुसतं दूध. पण म्हातारीला कळू द्यायचं नाही. उजवीकडचं ती ओरडतेच. ओरडते तोवर आपलं निभतंय. ज्या दिवशी गप्प बसेल त्या दिवशी मेलो आपण."

आणि फोर्तुनाता सकाळपासून एकदाही ओरडली नव्हती.

तिने झटकन समोर पाहिलं. उजव्या चाकापुढे, चार हातांवर, पाण्याखालच्या मिठात काळं भोक होतं. त्यातून बुडबुडे येत होते. असल्या भोकात अख्खी चाकं जातात.

"भोक! डावीकडे! डावीकडे घे!"

त्याने स्टिअरिंग मारलं. मागचं चाक कडेवरून घसरत गेलं, मीठ कडकड मोडलं, गाडी एका बाजूला कलली आणि पुन्हा सरळ होऊन थांबली. पाहुणे जागे झाले. फोटोसाठीच थांबलो असं त्यांना वाटलं, आणि सगळे बूट काढून पाण्यात उतरून उड्या मारायला लागले. फोर्तुनाताने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"डोळा कधीपासून गेलाय?" तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"कोण म्हणालं?"

"तूच. हिला सांगत होतास."

त्याने पायाखालच्या नमद्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला. "ऐकू येतं?"

"सगळं. बटाट्यांचंसुद्धा."

त्याने स्टिअरिंगवरून हात काढले. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू चालवू दिली नसतीस."

"नसतीच दिली! मागे सहा माणसं आहेत, बेशरमा! त्यांच्या आया घरी वाट बघतायत. शेजारी मी आहे. मला फुकटचा डोळा करून बसवलंस, आणि सांगितलंसही नाहीस!"

"ग्रिंगा उलट बोलत नाही," तो म्हणाला.

"उतर."

"तू चालवणार?"

"बापाचा मिठाचा ट्रक कोण हाकायचं? तू? उतर खाली."

तो उतरला, पाण्यातून वळसा घालून उजव्या बाजूने येऊन बसला. तिने त्याच्या सीटवर बसताना दारावरच्या चोथ्याला दंड लागू नये म्हणून अंग चोरलं. पाहुण्यांना हाका मारून आत घेतलं, गिअर टाकला. तो करकरला. गाडीने एक गचका खाल्ला आणि चालायला लागली.

आता त्याचा चांगला डोळा तिच्या बाजूला होता. तो तिच्याकडे बघत राहिला, जणू या सीटवर कोण बसतं ते त्याला आजच कळत होतं. मग सवयीने मान खाली घालून डॅशबोर्डवर हात ठेवला आणि पुटपुटला, "ग्रिंगे, क्लच जाळणार बघ ही तुझा. आणि आता मी काय करू? घरी बसून काय करू?"

"तिला काय विचारतोस?" फोर्तुनाता ओरडली. इतक्या मोठ्यांदा की मागचे सहाही जण दचकले. "ती लोखंड आहे! इकडे विचार!"

त्याचा हात डॅशबोर्डवरून निघाला. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी मांडीवर ठेवला.

"भीती वाटते," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या भसाड्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

फोर्तुनाताने समोरून नजर हलवली नाही. तिच्या नाकात अजून कोकाचा तोच वास होता.

"आधी तो तोंडातला घाण चोथा काढ," ती म्हणाली. "बाहेर नको थुंकू, आत पडतो. रुमालात घे. मग सांग."

त्याने गालातला चोथा काढला, रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, आणि सांगायला लागला.