लांबच्या वाटेने गेलेला प्रकाश

दुपारी घाटाखालच्या खोदकामात फायबर तुटली आणि माझ्यासमोरच्या पडद्यावरची हिरवी रेघ लाल झाली. फायबरमधून जाणाऱ्या प्रकाशाचे मार्ग आखणं हे माझं काम. त्या रेघेच्या टोकाला तालुक्याचं रुग्णालय होतं. तिथल्या एका तान्ह्या बाळाच्या हृदयाची तपासणी शहरातले डॉक्टर त्याच जोडणीवरून बघत होते.

दुसरा मार्ग होता, पण दुपटीने लांब. आमच्या जाळ्यात प्रकाश मध्ये कुठे थांबवून, वाचून नव्याने पाठवत नाहीत. वाटेत त्याला नुसता जोर देतात आणि दर वेळी त्यात थोडी खरखर मिसळते. माझ्या गणितात तो जेमतेम पोचत होता. मी मार्ग बदलला आणि रुग्णालयातल्या तंत्रज्ञ सुनंदाताईंना फोन लावला.

“आला का सिग्नल?”

“अजून नाही हो. यंत्र जुळवून घेतंय.”

वाटेत प्रकाशाचं काय होतंय, हे मला कुठूनच दिसणार नव्हतं. माझ्या मुलीलाही परगावी शिकायला मीच पाठवलं. फोनवर ती रोज “बरी आहे” म्हणते आणि मी तिच्या आवाजात काहीतरी शोधत राहते.

“आला!” सुनंदाताई म्हणाल्या. “चित्र मध्येच अडकतंय, पण डॉक्टरांना पुरतंय.”

“आणि बाळ?”

“रडतंय की जोरात.”

मला हायसं वाटायला हवं होतं. पण तुटलेली फायबर जोडली जाईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.