सामायिक रस्त्यावरची बैलगाडी

लग्नानंतर आम्ही वसईत राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं होती आणि सगळ्यांत मिळून एक स्कूटर. ती माझ्या नवऱ्याची. माझं अक्षर चांगलं, म्हणून पहिल्याच सभेत मला सोसायटीची सेक्रेटरी करून टाकलं. तेव्हा मला नाही म्हणता येत नसे.

शेजारीच त्याच बिल्डरने दुकानांचे गाळे बांधले होते. दोन्हींच्या मधून एकच रस्ता, जेमतेम दोन गाड्या जातील एवढा. त्यातले तीन गाळे एका शेठचे, लोखंडी कपाटांच्या दुकानाचे. वसईत तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येक नव्या घराला कपाट हवंच असायचं. शेठची कपाटं दुकानात मावेनात, ती रस्त्यावर आली. हिरवी, करडी, दारांवर लांबलचक आरसे लावलेली, रांगेने उभी. उरलेल्या अर्ध्या रस्त्यात त्यांचा टेम्पो. भाजीच्या पिशव्या घेऊन आम्ही अंग चोरत मधून जायचो आणि प्रत्येक आरशात आपलं घामेजलेलं तोंड बघायचो.

मी सेक्रेटरी म्हणून तक्रार करायला गेले. शेठनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बिल्डरच्या कागदाची नक्कल समोर ठेवली.

"वाचा वहिनी. दोन्ही इमारतींच्या वाहनांना ये-जा करण्यासाठी सामायिक रस्ता. वाहनांना! तुमची वाहनं किती?"

"एक स्कूटर."

"ती जाते ना?"

"जाते."

"मग अडलं कुठं?"

मी पाणी पिऊन परत आले.

तळमजल्यावर एक टीचर राहायच्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, जवळच्या निर्मळ गावच्या ख्रिस्ती बागायतदार घरातल्या. रविवारची मिस्सा आणि रोजचं वर्तमानपत्र, दोन्ही कधी चुकवायच्या नाहीत. मी त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"वाहन पाहिजे त्यांना? आणू. माझ्या भावाची बैलगाडी आहे."

"पण टीचर, बैलगाडी आणायची कशाला?"

"खत आणायला."

"खत कशाला?"

"बागेला."

"आपल्याकडे बाग कुठे आहे?"

"तू सेक्रेटरी ना? कर ठराव."

मी ठराव लिहिला. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत बाग करावी, त्यासाठी निर्मळहून शेणखत आणावं. बाराही घरांच्या सह्या मिळाल्या. त्यातल्या दहा जणांना खरंच बाग होणार असं वाटलं.

सोमवारी सकाळी, टेम्पोत कपाटं चढत असताना, गाडी आली. टीचरचे भाऊ पुढे बसलेले, मागे खताचा डोंगर. भावाबहिणीचं त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलणं झालं, त्यातलं मला अक्षर कळलं नाही, पण दोघंही हसू दाबत होती एवढं कळलं. मग टीचर वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शेठ, आमचं वाहन आलंय. रस्ता द्या."

शेठ बाहेर आले. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. टेम्पो मागे घेतला. तरी कपाटं होतीच. बैल चार पावलं चालले आणि डावीकडचा थबकला. शेजारच्या आरशात एक दांडगा बैल उभा होता. याने मान हलवली, त्यानेही हलवली. याने फुत्कार टाकला. आता शिंग घालतो की काय, म्हणून शेठनी डोळे मिटले.

बैलाने जीभ काढली आणि आरसा चाटायला सुरुवात केली. वरपासून खालपर्यंत, मनापासून. भावाने कासरा ओढला, शेपूट पिळली, काही उपयोग नाही. बाजारातून लोक धावत आले. दुसरा बैल हंबरला आणि तिथल्या तिथे, दुकानाच्या पायरीसमोर, शेणाचा मोठा पो टाकून मोकळा झाला.

असं आठवडाभर चाललं. रोज एक गाडी, रोज आरसा चाटायचा तोच तमाशा. इमारतीमागे खताचा ढीग वाढत गेला, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद राहायला लागल्या, आणि नवरा जेवताना नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघायचा. मी त्याला ठराव वाचून दाखवला. शेवटी आम्हाला खरोखरच वांगी आणि अबोली लावावी लागली.

पुढच्या सोमवारी शेठ स्वतः वर आले. कपाटं आत गेली. रस्त्याच्या कडेने पिवळा पट्टा मारायचा आणि त्याबाहेर, रस्त्यात, कुणाचंही वाहन उभं करायचं नाही, असं ठरलं. कागद माझ्याच अक्षरात. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी नवऱ्याची स्कूटर पट्ट्याच्या वीतभर बाहेर राहिली. शेठनी तिला साखळी घालून कुलूप लावलं आणि वर माझ्या कागदाची नक्कल चिकटवली. नवरा म्हणाला, "मी नाही जाणार, तूच जा. अक्षर तुझं आहे."

गेले. शेठनी चहा मागवला.

"वहिनी, एक खरं सांगा. ते खत बागेसाठीच होतं?"

खोटं बोलायची सोय होती. पण चहा चांगला होता आणि त्यांचा चेहरा त्याहून.

"नाही," मी म्हटलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग आठवडाभर गप्प का राहिलात?"

"लोक बैल बघायला यायचे आणि कपाट विचारून जायचे. एवढी खपली की उरलेली आत मावली," शेठ म्हणाले. "त्याने चाटलेलं कपाट तर चौथ्या दिवशीच एका नव्या जोडप्याने नेलं. बैलाला आवडलंय म्हणाले, आरसा चांगलाच असणार."

मी हसले, ते हसले. त्यांनी कुलूप काढलं. स्कूटर स्टँडवर घ्यायला मला जमेना, तेव्हा त्यांनीच ती उचलून लावली, मग खाली वाकून पट्ट्यापासूनचं अंतर बोटांनी मोजलं आणि अजून चार बोटं आत सरकवली.