भिंगरीचा खारट घाम
आमच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई पेशीपटलाचा धडा डोळे मिटूनही शिकवू शकल्या असत्या. फळ्यावर दोन समांतर रेघा, मध्ये चार ठोकळे. खडूच्या धुळीनं बसलेल्या आवाजात त्या सांगायच्या, "चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर, आणि त्यात बसलेली प्रथिनं. त्यातली काही म्हणजे दारं. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं, ते इथं ठरतं."

"बाई, दार अडकलं तर?" एका मुलीनं विचारलं होतं.

"परीक्षेत येत नाही ते."

वर्ग हसला. बाईंना हसायचाही कंटाळा आला होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन गावातच नांदत होती, आणि घरी तपासायच्या वह्यांचे गठ्ठे वाट बघत असायचे.

मुलीला मुलगी झाली. हातपाय सतत फिरते, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. खायची भरपूर, पण अंगाला काही लागेना. खोकला तर पाठच सोडेना. "आईच्या घरची प्रकृतीच तोळामासा," असं विहीणबाई येताजाता ऐकवायच्या.

शेवटी सगळे मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पापी घेतली की खारट लागते का?"

"हो!" मुलगी आणि विहीणबाई एकदमच म्हणाल्या. त्या दोघींचं लग्नानंतर पहिल्यांदाच एकमत झालं असावं.

घामाची तपासणी झाली. निकाल सांगताना डॉक्टरबाईंनी कागदावर दोन समांतर रेघा ओढल्या, आणि बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पेशीच्या पटलातलं एक दार जन्मापासून बिघडलंय. मिठातलं क्लोराइड त्यातून जातं. फुप्फुसात ते बाहेर पडलं नाही की पाणीही पुरेसं येत नाही, कफ डिंकासारखा चिकटतो. घामाच्या ग्रंथीत उलटं. तिथं मीठ परत आत घेतलं जात नाही."

"बरी होईल?" जावयानं विचारलं.

"सांभाळावं लागेल. रोज."

बाहेर बाकावर विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. सुनेला आणि पोरीला काही दिवस तुमच्याकडेच न्या."

बाईंची मुलगी जमिनीकडे बघत राहिली. बाई शाळेतून तशाच आल्या होत्या. भांडायला अंगात त्राण नव्हतं. वर्गात बोलावं तसं त्या बोलल्या.

"विहीणबाई, हा दोष एकाच घरातून आला असता तर पोर ठणठणीत असती. जनुकाची एक बिघडलेली प्रत आमच्याकडून आली, एक तुमच्याकडून. तुमचा मुलगा धडधाकट आहे, माझी मुलगीही. दोघांनाही ठाऊक नव्हतं."

जावई हळूच म्हणाला, "आई, मग मीही जातो यांच्याकडे. चालेल?"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. कोणी कुठं गेलं नाही.

मग सुरू झालं ते रोजचं. भिंगरीला मांडीवर पालथं घालायचं, तळहात वाटीसारखा करून पाठीवर थापायचं, कफ सुटेपर्यंत. सकाळी मुलगी करायची. संध्याकाळी शाळा सुटली की बाई तडक तिकडे जायच्या. त्यांचं मनगट सुजलं. विहीणबाई पहिले काही आठवडे दारातूनच बघायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "सरका तिकडे. तुमच्या हातात जोर उरलाय का?" बाई सरकल्या आणि बसल्या जागीच झोपी गेल्या.

भिंगरी आता शाळेत जाते. काटकुळी आहे, जेवणाआधी गोळ्या घेते, मधूनमधून दवाखान्यात राहून येते. बाईंनी नोकरी मुदतीआधीच सोडली. परवा आम्ही शिक्षिका त्यांना भेटायला लेकीच्या घरी गेलो.

"कसं चाललंय?"

"चाललंय. खोटं कशाला बोलू, दमलेय मी."

आतल्या खोलीतून थापट्यांचा आवाज येत होता. मधेच भिंगरी ओरडली, "आजी, हळू ना!" मग विहीणबाईंची हाक आली, "अहो, माझा खांदा भरून आला!"

बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "बसा तुम्ही," आम्हाला म्हणाल्या, आणि बाह्या सारत आत गेल्या.