टोपणाला चिकटलेला थेंब

“आधी तोंडानं सांगा काय काढाचं आहे, मंगच दार उघडा.” आमच्या ताई डीप फ्रीजरच्या दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि प्रत्येकाला हे विचारायच्या. मोठे सरही सुटायचे नाहीत. कोणी अडखळलं की म्हणायच्या, “जा, आठवून या. तोवर आतली थंडी राहू द्या आतच.”

तुमच्याही कामावर असं एखादं माणूस असेल. सगळे त्याला वैतागतात आणि त्याच्याच जिवावर निर्धास्त असतात.

यवतमाळला लोहाऱ्याकडच्या एका प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुतो. गाव माझं कुडाळकडचं, शाळा सातवीत सुटली. इथं मी ज्या कारखान्यात होतो तो बंद पडला तेव्हा ताईंनीच शब्द टाकून मला आत घेतलं. त्या फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरच्या, करारावरच्या तंत्रज्ञ. घरच्या फोनवर गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी. मला इंग्रजी लेबलं वाचता येत नाहीत म्हणून त्यांनी बाटल्यांवर रंगीत ठिपके लावले. “लाल दिसला का हात मागं. समजलं का, कोकण?” मला त्या कोकणच म्हणत.

त्या दिवशी दुपारी मी टेबलावरचे बर्फाचे डबे रिकामे करत होतो. माझं रोजचंच काम. एका डब्यात करंगळीच्या पेराएवढी कुपी खोचलेली होती. उजेडाकडे धरली, हलवली. आत काही नाही. धुण्याच्या टबात टाकली.

दोन तासांनी ताई आल्या. “कोकण, इथली कुपी?”

“रिकामी होती ताई. धुवायला टाकली.”

“रिकामी नव्हती ना बाबा! थेंब टोपणाले चिकटून असते.”

कोपरापर्यंत हात साबणाच्या पाण्यात घालून त्यांनी ती शोधून काढली. टोपण घट्ट होतं. गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून काढली, तर तळाशी खरंच थेंब. डोळ्यातून निघतो त्याहून लहान.

“यकृतात रक्तातल्या चरबीचं पित्त करणारं एक एन्झाइम असते,” त्या म्हणाल्या. “थे डोळ्याले दिसत नाही. ही अँटिबॉडी त्याले हुडकून चिकटते, मंग पट्टीवर रेघ उमटते. सरांचं सारं काम हिच्यावर आहे. गरमीनं मेली का जिती, आता रेघच सांगन.”

फ्रीजरच्या वहीत काही बिघडलं की भरायचा ‘कोणाच्या हातून’ असा रकाना आहे. त्यांनी पेन उचललं. आता माझं नाव, असं वाटलं. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

“ताई…”

“चूप राहा. तुमाले एका दिवसात काढतीन. मले निदान विचारतीन तरी.”

दोन दिवस मी जेवलो ते नावाला. सरांच्या चपला वाजल्या की हातातली काच निसटायची. खोलीवर पिशवी भरून ठेवली होती. गावी भावाला काय सांगायचं, तेही ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ताईंनी हाक मारली. संगणकाच्या पडद्यावर पट्टीचा फोटो, त्यात काळी, ठसठशीत रेघ.

“पाहा, जिती आहे!”

मी तिथेच रडलो.

“कायले रडता? उंदराचं यकृत आहे, तुमचं नाही.”

मला वाटलं, सुटलो. पुढच्या महिन्यात करार वाढवायची वेळ आली आणि ऑफिसनं ती वही मागवली. कुपी चांगली निघाली हे त्या रकान्यात कुठे लिहिणार? ताईंना कोणी काही विचारलं नाही. करार संपल्याचा एक कागद हातात दिला.

सरांची खोली माझ्या मोरीपासून वीस पावलांवर आहे. त्या दुपारी मी दोनदा दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा परत येऊन नळ सोडला. ताई डबा घेऊन फाटकाकडे चालल्या होत्या, ते खिडकीतून दिसत होतं.

आता त्या पांढरकवड्याला एका पॅथॉलॉजीत रक्त काढतात. अधूनमधून फोन येतो. नाव दिसलं की मी आधी नळ बंद करतो.

“कामावर आहा ना, कोकण?”

मी हो म्हणतो. आता ताई वहीबद्दल विचारतील, असं दर वेळी वाटतं. विचारत नाहीत.