इटलीतला भाऊ आणि माझा गळा

माझा आवाज लहानपणापासून पुरुषी. शाळेत प्रार्थनेला बाई मला मुलांच्या रांगेत उभं करायच्या, आणि लग्न ठरताना सासूबाईंनी म्हणे विचारलं होतं, पोरीला सर्दी झालीय का. पुढं लोणखेड्याच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा हाच आवाज कामी आला, वर्गात छडी कधी लागली नाही. श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीत गावातल्या बायका मला पुढं ढकलायच्या, कारण डफाच्या वर फक्त माझंच गाणं ऐकू जायचं. तरी खरं सांगते, मला तो आवाज मुळीच आवडत नव्हता.

आवडायला लागला तो मुलीमुळं. ती पुण्याला नोकरीला असते. एकदा तिनं फोनवर एक गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, "आई, हा घे तुझा हरवलेला भाऊ." शंभर वर्षांपूर्वीचा इटलीतला गायक, तिकडच्या संगीत नाटकांत गाणारा. त्या काळी गाणं भरायचं तर म्हणे पत्र्याच्या कर्ण्यासमोर उभं राहून एका दमात गायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आधी नुसती खरखर ऐकू आली, कढईत मोहरी तडतडावी तशी. मग तो आला. अगं बाई गं, काय तो आवाज! जाड, भरलेला. खाली उतरताना कुठं घसरत नव्हता, वर चढताना किंचाळत नव्हता. शब्द एक कळला नाही, पण मेथी निवडायची सोडून मी तशीच बसून राहिले. जो आवाज मी जन्मभर लाजून लपवला, तो असा मान वर करून चालू शकतो, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

मग रोज सकाळी भाकरी थापताना तोच. मी त्याच्याबरोबर गुणगुणायची, आणि तो जिथवर खाली जायचा तिथवर मीही जायचे. त्या वेळी छातीत जी थरथर व्हायची ती सांगता येत नाही, तिची चटकच लागली होती. आमचे हे अंगणातून विचारायचे, "तुन्हा भाऊ उठना का?" राखी कोणत्या पत्त्यावर पाठवू, असंही चिडवून झालं. चिडवेनात का! माझ्या माहेरी सख्खा भाऊ नाही, मला हा पुरे होता.

गेल्या उन्हाळ्यात गळ्याला गाठ दिसली. सुरतच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, काढावी लागेल. जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून आहे. तिला धक्का लागला तर आवाज बदलेल, कदाचित जाईलही. ह्यांनी 'जिवाला धोका नाही' एवढंच ऐकलं आणि परतीच्या गाडीत घोरायला लागले. मी नंदुरबार येईपर्यंत खिडकीचा गज धरून बसले होते.

मी तशी भित्री नाही. आमच्या केळीच्या बागेत साप निघाला तर माणसं लांब पळतात, काठी मी शोधते. पण त्या दिवसापासून माझी पाचावर धारण बसली. सकाळी डोळा उघडला की आधी 'हं' करून बघायची, आहे ना जागेवर. वर्गात शिकवताना मध्येच वाटायचं, हे वाक्य शेवटचं तर नाही? भाऊचं गाणं लावणं बंद केलं, ऐकवेचना. त्यात मुलीनं कुठंसं वाचलेलं सांगितलं, त्याचाही आवाज म्हणे वय होण्याआधीच खचला होता. शिकलेली पोरं, पण कोणत्या वेळी काय सांगावं याची अक्कल नाही. वर म्हणाली, "आई, तू कानबाईचं गाणं म्हण, मी फोनमध्ये भरून ठेवते." मी तिच्यावर जी भडकले! जिवंतपणी फोटोला हार घालायला निघालीस का, म्हटलं. खरी गोष्ट अशी की भरून ठेवलं म्हणजे आवाज जाणारच हे मान्य केलं, असं मला वाटत होतं. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

ऑपरेशनची तारीख आली ती नेमकी कानबाईनंतरच्या आठवड्यात. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याचे गहू, घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येवर मोजून दळतात, आणि ते पीठ पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच खाऊन संपवायचं असतं. बाहेरच्याला द्यायचं नाही, टाकायचं तर नाहीच. म्हणून ह्यांनी रोटाच्या पोळ्या डब्यात भरून सुरतला आणल्या. रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, हे दोघांनाही बजावलं होतं. तरी पहाटे ह्यांनी दुधात कुस्करलेली पोळी माझ्यापुढं धरली. मी नको म्हटलं तर म्हणाले, "परसादले कोनी जेवन म्हनस का?" मी इतकी घाबरलेली होते की देवीचं काहीतरी पोटात असलेलं बरं, असं मलाही वाटलं. खाल्लं.

भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, काही खाल्लं का. हे छातीठोकपणे म्हणाले, काही नाही, फक्त प्रसाद. बाईंनी कपाळाला हात लावला. भुलीत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं असतं तर जीव गेला असता, म्हणाल्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पोळ्यांचा डबा त्यांनी पिशवीत अगदी तळाला कोंबला आणि दिवसभर माझ्याशी नजर मिळवली नाही.

मला एक दिवस मिळाला, पण त्याचं करायचं काय? फाशीची तारीख पुढं गेली म्हणून कोणी नाचत नाही. कॉटवर पडून मी कितीदा फोन हातात घेतला. वाटायचं, लेकीला सांगावं, भर बाई एकदाचं माझं गाणं. ती पुण्याहून रजा काढून आली होती, समोरच्या बाकावर बसून बघत होती. पण मी फोन पुन्हा उशाखाली सारायची. संध्याकाळी तिच्याकडं फक्त पाणी मागितलं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी बोलून दाखवायला सांगितलं, तेव्हा मी घसा दुखतो अशी खूण केली. त्यांना वाटलं सूज असेल, म्हणाले, घाई नको. ती सवड मी लांबवत नेली. बोलत नाही तोवर आवाज गेलेला नाही, असा माझा हिशोब. ह्यांना वाटलं, डॉक्टरांनीच मनाई केली आहे. केळीची कापणी आल्यामुळं हे मला सोडायच्या एक दिवस आधी गावी परतले.

घरी सोडणार त्या सकाळी मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. उशाशी माझा फोन वाजला. गावाहून ह्यांनी केला होता. सवयीनं उचलला आणि तोंडून निघून गेलं, "हॅलो." बारीक, हवा सुटल्यासारखा आवाज. मी खोलीत दुसरं कोणी आहे का म्हणून मागं वळूनसुद्धा पाहिलं.

तिकडून हे अगदी अदबीनं, घरची बोली सोडून शाळेतल्या मराठीत म्हणाले, "सिस्टर, जरा पेशंटला फोन देता का? मी त्यांचा मिस्टर बोलतोय."

"देते," मी म्हटलं.